पुढचे दोन टायर बदलल्यापासून गाडी डगमगते: दोष टायरचा की सस्पेन्शनचा?

आपल्या वर्णनानुसार, पुढच्या चाकांना दोन नवे टायर बसवल्यापासून वेगात लेन बदलताना गाडीचा मागचा भाग उशिरा आणि झुलत येतो, जोरात ब्रेक दाबल्यावर गाडी डावीकडे ओढते, दोनदा व्हील अलाइनमेंट करूनही फरक पडलेला नाही आणि आता चारही शॉक अॅब्सॉर्बर बदलण्याचा सल्ला आपल्याला मिळाला आहे. माझ्या मते ही एकाच दोषाची दोन रूपे नसून दोन वेगवेगळे दोष असण्याची शक्यता अधिक आहे, आणि ते एकमेकांपासून सुटे केल्याशिवाय आपण कोणताही भाग बदलू नये.

सुरुवात टायरपासून करावी, कारण ती तपासणी विनाखर्च होते. गाडी काही तास उभी राहून टायर थंड झाल्यावर चारही चाकांतील हवा एकाच गेजने मोजावी आणि ती चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवर लिहिलेल्या आकड्यांशी जुळवावी. टायरच्या कडेवर छापलेला दाबाचा आकडा हा कमाल मर्यादेचा असतो, तो गाडीसाठी सुचवलेला दाब नव्हे. मागच्या टायरांत हवा कमी असेल तर त्यांच्या कडेच्या भिंती वळणात दबतात आणि सस्पेन्शनचे बुश, म्हणजे सांध्यांतील रबरी गाद्या, गेल्यासारखाच अनुभव येतो, त्यामुळे हा टप्पा किरकोळ समजून गाळू नये.

त्यानंतर चारही टायरांवरची अक्षरे वाचून कागदावर उतरवावीत. १९५/५५ आर १६ अशा नोंदीत १९५ ही मिलिमीटरमधली रुंदी, ५५ हे त्या रुंदीच्या तुलनेत भिंतीच्या उंचीचे शेकडा प्रमाण आणि १६ हा रिमचा इंचांतला व्यास असतो. शेजारचा भारांक, म्हणजे टायर किती भार पेलू शकतो हे दाखवणारा अंक, आणि वेगमर्यादेचे अक्षरही पाहावे. उत्पादनाच्या संकेतांकातील शेवटचे चार अंक आठवडा आणि वर्ष सांगतात. २३१९ म्हणजे २०१९ सालातील तेविसावा आठवडा. एकाच अॅक्सलवर, म्हणजे पुढच्या किंवा मागच्या चाकांच्या एकाच जोडीत, डावा आणि उजवा टायर वेगळ्या बनावटीचा असणे सर्वांत वाईट. पुढे एक जोडी आणि मागे दुसरी, हे चालू शकते. पण पुढची जोडी कडक भिंतीची आणि मागची मऊ असेल, तर स्टीअरिंग वळवताच पुढचा भाग चटकन वळतो आणि मागचा भाग रेंगाळून त्याच्यामागे येतो. आपण लिहिलेले लक्षण नेमके असेच आहे.

येथे एक बारकावा आहे. केवळ नक्षी झिजल्यामुळे कोरड्या रस्त्यावर टायर झुलत नाही, उलट कमी उंचीच्या नक्षीचे ठोकळे कमी वाकतात. त्यामुळे कोरड्यातही मागचा भाग झुलत असेल, तर नक्षीच्या खोलीपेक्षा मागच्या टायरांची बनावट, वय आणि हवा यांकडे पाहावे. ओल्या रस्त्यावर मात्र झिजलेली मागची जोडी खरोखर धोकादायक ठरते, कारण ती पाणी बाहेर फेकू शकत नाही आणि मागची चाके पुढच्यांच्या आधी पकड सोडतात. अशी सुटलेली गाडी सावरणे बहुतेक चालकांना जमत नाही. म्हणून दोनच टायर नवे घेतले, तर गाडीची पुढची चाके इंजिनावर चालत असली तरी नवी जोडी मागेच बसवावी, असे मी आग्रहाने सांगेन.

आता खरी परीक्षा. प्रत्येक बाजूची पुढची आणि मागची चाके आपापसांत बदलावीत, हवा नव्या जागेप्रमाणे भरावी आणि त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने गाडी चालवावी. मागचे झुलणे गेले आणि स्टीअरिंग थोडे सुस्त झाले, तर दोष टायरांच्या जोडणीत होता. काहीच बदलले नाही, तर मागच्या अॅक्सलचे बुश पाहावेत. ज्या गाडीला कारखान्यातूनच पुढे-मागे वेगळ्या मापाचे टायर येतात, तिच्यावर ही परीक्षा करता येत नाही.

ब्रेक दाबल्यावरच गाडी ओढत असेल, तर टायरवर वेळ घालवू नये. गाडी डावीकडे ओढते याचा अर्थ उजवा ब्रेक कमी लागत असू शकतो, म्हणून प्रथम उजव्या कॅलिपरच्या (ब्रेक पॅड चकतीवर दाबणाऱ्या भागाच्या) पिना सरकतात का आणि ब्रेकचा होज, म्हणजे ब्रेक ऑइलची रबरी नळी, आतून बुजला आहे का, हे तपासून घ्यावे. ब्रेक निर्दोष निघाले, तर लोअर आर्मच्या (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी खालून जोडणाऱ्या दांड्याच्या) मागच्या बुशवर माझा संशय आहे. ब्रेक लागताच चाक मागे ढकलले जाते, फाटलेला बुश त्याला अडवू शकत नाही आणि त्या क्षणी चाकाची दिशा बदलते. अलाइनमेंटचे यंत्र उभ्या गाडीचे मोजमाप घेते, त्यामुळे त्याच्या कागदावर सगळे आकडे बरोबर दिसतात आणि गाडी तरीही ओढत राहते. गाडी स्टँडवर घेऊन लोखंडी पहारेने दोन्ही बाजूंचे आर्म हलवून पाहावेत. एक बाजू दुसरीपेक्षा स्पष्टपणे जास्त सरकली, तर कारण सापडले. केवळ जॅकच्या आधारावर उभ्या असलेल्या गाडीखाली कधीही जाऊ नये.

चाक अधांतरी असतानाच ते वर-खाली धरून हलवावे. खेळ जाणवला तर दुसऱ्या व्यक्तीला ब्रेक दाबायला सांगावे: खेळ नाहीसा झाला तर दोष बेअरिंगचा, राहिला तर बहुधा बॉल जॉइंटचा, म्हणजे आर्म आणि चाक यांमधल्या गोल सांध्याचा. डावी-उजवीकडे धरून हलवताना जाणवणारा खेळ बहुधा टाय रॉड एंडचा, म्हणजे स्टीअरिंगच्या दांड्याच्या चाकाकडील टोकाचा असतो.

शॉक अॅब्सॉर्बरचा सल्ला मला घाईचा वाटतो. गाडीचा कोपरा दाबून सोडण्याच्या चाचणीत फक्त पूर्ण निकामी झालेला शॉक कळतो, अर्धवट गेलेला नाही. शॉकच्या अंगावर तेलाची पुसट ओल असणे स्वाभाविक आहे, पण खाली ओघळलेले तेल, टायरवर ठरावीक अंतराने पडलेले खळगे आणि उंचवट्यानंतरही चालू राहणारे हेलकावे, ही खरी लक्षणे होत. त्यांपैकी काही आढळले, तर त्या अॅक्सलचे दोन्ही शॉक एकत्र बदलावेत.

बुश बदलायचे ठरल्यास एक गोष्ट स्वतः उभे राहून पाहावी. आर्मचे बोल्ट गाडी चाकांवर उतरवून, तिचा भार सस्पेन्शनवर आल्यानंतरच शेवटचे आवळले पाहिजेत. चाके लोंबकळत असताना आवळले, तर गाडी खाली येताच रबर कायमचे पिळलेले राहते आणि नवा बुश लवकर फाटतो. व्हील अलाइनमेंट या सगळ्यानंतर करावी आणि त्या कागदावर पुढच्या टो-बरोबर (चाके आत किंवा बाहेर किती वळलेली आहेत त्या मापाबरोबर) कॅस्टर, म्हणजे स्टीअरिंगच्या अक्षाचा पुढे-मागे कल, आणि मागच्या चाकांचा टो यांचेही आकडे मागून घ्यावेत.