ऑपरेशनच्या दिवशी सकाळपासून उपाशी का बसवतात?

प्रश्न: आई ६२ वर्षांची, बीपी-शुगर दोन्ही आहे. हर्नियाचं ऑपरेशन डे-केअरमध्ये ठरलं, रात्री बारानंतर पाणीही नको म्हणाले, सकाळी सातला बोलावलं आणि दोन वाजेपर्यंत तसंच बसवून ठेवलं, मग भूलतज्ज्ञ आले, ईसीजी बघितला आणि म्हणाले आधी इको (हृदयाची सोनोग्राफी) करून आणा, आज नाही होणार. आता आई म्हणते ऑपरेशनच नको. काय करावं? – एक वाचक, नाशिक

उत्तर: आईंचा राग अगदी बरोबर आहे. भूलतज्ज्ञांनी इको मागितला यात काही चूक नाही, पण तो मागायला ऑपरेशनचा दिवस कशाला उजाडावा लागतो? भूलतज्ज्ञांची ऑपरेशनआधीची तपासणी, हॉस्पिटलात तिला पीएसी म्हणतात, आठवडाभर आधी झाली की इको, शुगर, फिजिशियनचं फिटनेस सगळं निवांत होतं. तेव्हा नवी तारीख घ्यायच्या आधी पीएसीची तारीख मागा आणि चालू गोळ्यांची पाकिटंच घेऊन जा, नावं सांगताना हमखास गोंधळ होतो. शुगरसाठी डॅपाग्लिफ्लोझिन चालू असेल तर आवर्जून सांगा, ती साधारण 3 दिवस आधी बंद करतात, आणि बीपीची कुठली गोळी त्या सकाळी घ्यायची, कुठली नाही, ते कागदावर लिहून घ्या.

आता उपाशी राहण्याचं. "बारानंतर काही नको" ही जुनी सवय आहे, कुणाचा नंबर कधी लागेल नक्की नसतं म्हणून सगळ्यांना एकच सांगून मोकळे होतात. भूल देताना पोट रिकामं लागतं हे खरं, पण भूलशास्त्राच्या नियमांप्रमाणे तेलकट, जड जेवण 8 तास आधी, हलका नाश्ता किंवा दूध 6 तास आधी, आणि साधं पाणी 2 तास आधीपर्यंत चालतं. आपला दुधाचा चहा मात्र दुधातच धरतात हां, कोरा असेल तर पाण्यासारखा! जुना डायबेटिस असला की काहींचं पोट उशिरा रिकामं होतं, त्यामुळे आईंचे तास भूलतज्ज्ञांकडूनच ठरवून घ्या. शुगरच्या पेशंटला शक्यतो लिस्टमध्ये पहिला नंबर देतात, तो मागायला अजिबात लाजू नका.



खरं तर हॉस्पिटलनं आदल्या संध्याकाळी एक फोन करून "तुम्ही अकराला या, नऊपर्यंत पाणी प्या" एवढं सांगितलं तरी निम्मी कटकट संपते, आणि त्याला खर्च तो काय? फोन नाही आला तर तुम्हीच करा. आणि पीएसीच्या वेळी आईंच्या मनात जे प्रश्न असतील ते आईंनाच विचारू दे, तुम्ही मधे बोलू नका.