तीन मैलांची वाट आणि न दिसणारा घाम

प्रश्न : माझा मुलगा सॉल्ट लेक सिटीला असतो. जुलैत तो आम्हा दोघांना युटातल्या आर्चेस नॅशनल पार्कला नेणार आहे. तिथली ‘डेलिकेट आर्च’ ही दगडी कमान चालत जाऊन बघायची, असा त्याचा हट्ट. ‘तीनच मैल तर आहे, आई!’ म्हणतो. मी एकसष्ट वर्षांची, रोज सकाळी मयेच्या तळ्याकडे चालून येते. यांना रक्तदाबाची गोळी आहे, गुडघेही कुरकुरतात. गोव्यातला मे महिना आम्ही काढतो, मग तिथली गरमी सोसेल ना? आणि ती कमान वाऱ्याने कोरली हे खरं का?
– एक वाचक, डिचोली

उत्तर : ताई, मुलाने अंतर बरोबर सांगितलंय. जाऊन-येऊन ४.८ किलोमीटर, चढ साधारण १४६ मीटरचा. रोज चालणाऱ्या बाईला हे जड नाही. मला काळजी वाटली ती तुमच्या मे महिन्याच्या भरवशाची.

आपल्याला गरमी कळते ती घामावरून. मे महिन्यात म्हापशाच्या बाजारात अर्धा तास फिरलं की ब्लाउज पाठीला चिकटतो आणि पाय आपोआप लिंबू सोड्याच्या गाड्याकडे वळतात. आर्चेसला जुलैच्या दुपारी पारा ३८ अंशांच्याही वर जातो, पण हवा इतकी कोरडी की घाम येतो तसा उडून जातो. मुलीकडे गेले होते तेव्हा मी ही वाट चालले आहे. रुमाल भिजवून मानेवर टाकला होता, तो पहिला चढ संपायच्या आत वाळून कडक झाला. अंगावरचे कपडे कोरडे ठाक. टोपीच्या कडेला मिठाची पांढरी रेघ मात्र उमटलेली. तेव्हा तहान लागायची वाट बघू नका. घड्याळ लावून दर पंधरा-वीस मिनिटांनी चार घोट प्या. माणशी दोन लिटर पाणी हे कमीत कमी. वाट सुरू होते तिथे पाणी मिळत नाही, व्हिजिटर सेंटरवरच बाटल्या भरा. नुसत्या पाण्यावरही राहू नका, जोडीला खारे काजू ठेवा, आणि ते इथूनच न्या. मिस्टरांच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारा, हे मुलावर सोडू नका.

वाट वुल्फ रँचपासून सुटते. ओहायोहून आलेला जॉन वेस्ली वुल्फ नावाचा माजी सैनिक १८९८ मध्ये मुलाला घेऊन इथे राहायला आला आणि १९१० मध्ये परत गेला. त्याची लाकडी खोली अजून उभी आहे, वेडीवाकडी आणि एवढीशी. त्या उन्हात तिच्यात संसार कसा केला असेल कोण जाणे! पुढे छोटा पूल, मग तिथल्या मूळ रहिवासी यूट लोकांनी दगडात कोरलेले घोडेस्वार आणि रानमेंढे. ते चुकवू नका, बरेच लोक घाईत पुढे निघून जातात. त्यानंतर उघड्या कातळाचा लांबलचक उतार चढायचा. झाड नाही, सावली नाही. रचलेल्या दगडांच्या ढिगाऱ्यांवरून वाट ओळखायची. कातळ सुका असला की रबरी तळव्याचे बूट छान धरतात, चपला-सँडल नकोत. शेवटचे दोनशे मीटर कड्याच्या अंगाने जातात. जागा ऐसपैस आहे, तरी एका बाजूला खोल दरी आहे, चक्कर येत असेल तर भिंतीकडून चाला. कमान तोवर कुठेच दिसत नाही. कातळाचं वळण संपलं की एकदम समोर येते. तिच्या पोकळीची उंचीच १४ मीटर.

फोटोला संध्याकाळ चांगली, गुडघ्यांना आणि रक्तदाबाला सकाळ. जुलैत फटफटतानाच चालायला लागा, नऊच्या आत गाडीत परत. तुमच्या चालीने तीन-साडेतीन तास धरा. मुलाला ऑक्टोबरात सुट्टी मिळत असेल तर त्याहून बरं. आणि पाऊस लागायच्या आधी एक-दोनदा पारोड्याचा चंद्रनाथ डोंगर चढून या, म्हणजे गुडघे काय म्हणतात ते इथेच कळेल.

आता वाऱ्याचं. वाऱ्याचा हात त्यात थोडा. खरं काम मिठाचं आणि पाण्याचं. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी तिथे समुद्र होता. तो पुन्हा पुन्हा आत यायचा, आटायचा, आणि मीठ मागे राहायचं. पेडण्याच्या आगरवाड्याला मिठागरात होतं तेच, फक्त मिठाचा थर शेकडो मीटर जाड. वर वाळू-चिखलाचे थर साचून दगड झाले. त्यांच्या भाराने खालचं मीठ सरकलं, फुगून वर आलं आणि दगडाला समांतर भेगा पडल्या. भेगांमध्ये पाणी शिरून दगडाच्या उभ्या पातळ भिंती उरल्या. पावसाचं पाणी वाळूचे कण धरून ठेवणारा चुना विरघळवतं, हिवाळ्यात तेच पाणी भेगेत गोठून फुगतं आणि दगडाचे ढलपे पडतात. भिंतीला आरपार भोक पडलं की कमान. अशा दोन हजारांहून जास्त आहेत तिथे, आणि त्या पडतातही. ‘वॉल आर्च’ २००८ मध्ये कोसळली.

राहिले तुमचे मिस्टर. चंद्रनाथावर त्यांचे गुडघे बोलले तर त्यांना ओढत नेऊ नका. ‘लोअर व्ह्यूपॉइंट’ नावाची सपाट जागा आहे, गाडीतून उतरून शंभरेक मीटर चाललं की कमान दिसते. लांबून दिसते, छोटी दिसते, पण दिसते. मात्र ती वुल्फ रँचच्याच रस्त्यावर दीडेक किलोमीटर पुढे आहे आणि तुमच्याकडे गाडी एकच असणार. तेव्हा आधी तिघांनी मिळून तिथे जा, मग मिस्टरांसोबत गाडीपाशी कोण थांबणार ते घरूनच ठरवून निघा. बंद गाडीत त्यांना एकट्याला बसवून वर जायचं नाही.