शाळेच्या तपासणीत टेप कुठे लावावा

प्रिय तरुण सहकाऱ्यास,

सस्नेह नमस्कार.

वजनकाटा आणि उंचीची पट्टी हाताशी असताना मुलांच्या कमरेचा घेर मोजण्याचा खटाटोप कशासाठी, असे तू विचारले आहेस. वजन चरबीचे की स्नायूंचे, आणि चरबी असेल तर ती कुठे साठली आहे, हे बीएमआयवरून, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणाऱ्या आकड्यावरून, कळत नाही. उंची १४० सेंटिमीटर आणि वजन ३५ किलो असलेल्या दोन मुलांचा बीएमआय सारखाच येईल. पण एकाचा घेर ६२ सेंटिमीटर आणि दुसऱ्याचा ७१ भरला, तर पुढच्या तपासण्या दुसऱ्याच्या करायला हव्यात, कारण रक्तातील साखर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल यांच्या बिघाडाशी पोटातील चरबीचे नाते अधिक जवळचे असते. आपल्याकडे तर हे फारच लागू पडते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या अभ्यासातून भारतीय अर्भके वजनाला हलकी असूनही तुलनेने चरबीदार असतात, हे पुढे आले.

आता मोजणीविषयी. शिंपी जिथे पँटचे माप घेतो, ती जागा आपली नव्हे. मुलाला पाय जवळ घेऊन, हात बाजूला सैल सोडून उभे कर. काखेच्या मध्यातून खाली येणाऱ्या रेषेवर शेवटची बरगडी आणि कटीच्या हाडाचा वरचा काठ बोटांनी चाचपून त्यांच्या बरोबर मध्यावर न ताणणारा टेप आडवा लाव, आणि सहज श्वास सोडून झाल्यावर आकडा वाच. टेप पाठीमागे खाली घसरलेला नाही ना, हे वाकून पाहावेच लागते. मुले पोट आत ओढतात. त्यांना बोलते केले की पोट सैल पडते. दोन मापांत एक सेंटिमीटरहून जास्त फरक आला, तर पुन्हा मोज. मधल्या सुट्टीनंतर लगेच मोजणी ठेवू नकोस.

घेराला उंचीने भागावे. गुणोत्तर ०.५ किंवा त्याहून अधिक आले, तर त्या मुलाकडे लक्ष हवे. वरच्या उदाहरणात ७१ भागिले १४० म्हणजे ०.५१. हा नियम पाच वर्षांखालील मुलांना लावू नये. वय आणि लिंगानुसार भारतीय मुलांच्या घेराचे पर्सेंटाइल तक्तेही आहेत; ७० वे पर्सेंटाइल म्हणजे शंभरातल्या सत्तर मुलांचा घेर त्याहून कमी. त्यांत धोक्याची रेषा ७० व्या पर्सेंटाइलवर सुचवलेली आहे, तर आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या २००७ च्या व्याख्येत ती ९० व्या पर्सेंटाइलवर होती. मला आपल्या मुलांसाठी खालची रेषाच रास्त वाटते.

आकडा वर्गात मोठ्याने सांगू नकोस. मोजणी पडद्याआड आणि नोंद थेट कार्डावर व्हावी. पालकांना भेटशील तेव्हा ‘खात्यापित्या घरचे पोर आहे’ हे उत्तर ठरलेले असते. त्यावर वाद न घालता रक्तदाब मोज आणि मानेची मागची बाजू पाहा; तिथली काळसर, जाडसर त्वचा इन्सुलिन नीट काम करत नसल्याची खूण असू शकते, आणि पुष्कळदा आई ती मळ समजून रोज घासत असते.

तुझा हितचिंतक