तीन फ्लाइट झाल्या म्हणजे सही द्यायचीच का?

प्रश्न : मी अमेरिकेत नुकताच ग्लायडर (बिनइंजिनाचं विमान) इन्स्ट्रक्टर झालोय. क्लबमधले एक सीनियर पायलट माझ्याकडे फ्लाइट रिव्ह्यूला, म्हणजे पायलटला ठरावीक काळाने इन्स्ट्रक्टरसोबत करावी लागणारी उजळणी, त्यासाठी येणारेत. "पटापट तीन फ्लाइट मारू, तू लॉगबुकात सही ठोक" असं त्यांचं म्हणणं. वयाने, अनुभवाने खूप मोठे आहेत, मला अवघड होतंय. नियम नक्की काय आणि सही नाकारता येते का?

उत्तर : येते, अगदी हक्काने. एफएएचा (अमेरिकेची विमान वाहतूक नियामक संस्था) नियम 61.56 बघा, रिव्ह्यू दर 24 कॅलेंडर महिन्यांनी, म्हणजे मार्च 2024 मध्ये कुठल्याही तारखेला झाला असेल तर 31 मार्च 2026 पर्यंत चालतो. किमान एक तास ग्राउंड आणि एक तास फ्लाइंग. ग्लायडरवाल्यांना त्या फ्लाइंगच्या तासाऐवजी तीन इन्स्ट्रक्शनल फ्लाइट चालतात, पण प्रत्येक फ्लाइट पॅटर्नच्या (उतरण्याआधी धावपट्टीभोवती घ्यायच्या ठरलेल्या फेरीच्या) उंचीपर्यंत गेलीच पाहिजे आणि ग्राउंडचा तास काही माफ होत नाही, हे बरेच जण सोयीस्करपणे विसरतात. त्या तासात पार्ट 91 चे, म्हणजे उड्डाणाच्या सर्वसाधारण नियमावलीचे, सध्याचे नियम घ्यायचेच आहेत. एअरस्पेस, राइट ऑफ वे (हवेत कोणी कोणाला वाट द्यायची), ऑक्सिजन वगैरे. नुसतं "माहितीये ना?" विचारू नका, त्यांनाच सांगू द्या, 14,000 फुटांच्या वर पायलटला ऑक्सिजन पूर्ण वेळ लागतो, त्याखाली 12,500 पासून अर्ध्या तासाची मुभा आहे, हे न अडखळता यायला हवं.

आता गंमत बघा, टोवर (दुसरं विमान दोराने ग्लायडर ओढून वर नेत असताना) 200 फुटांच्या आसपास तुम्ही रिलीज ओढून, म्हणजे दोर सोडून, रोप तुटल्याची प्रॅक्टिस घेतली (टो पायलटला आधी सांगून!) तर ती फ्लाइट पॅटर्नच्या उंचीपर्यंत पोचतच नाही, म्हणून ती तिनात धरता येत नाही, चौथी मारावी लागते. मी म्हणेन माराच. कारण तिथेच माणूस कळतो, ग्लायडरचं नाक लगेच खाली जातं का, स्पीड सांभाळून वळतो का, वारा कुठून आहे हे त्याने टेकऑफच्या आधीच डोक्यात ठेवलंय का. कोणते मॅन्युव्हर (उड्डाणातल्या कसरती) घ्यायचे हे नियमाने तुमच्यावर सोडलंय, तेव्हा त्यांना नाही म्हणायचा अधिकार तुमचाच.

रिव्ह्यूत पास-नापास नसतंच हो. समाधान नाही झालं तर लॉगबुकात झालेलं ट्रेनिंग लिहून सही करायची, रिव्ह्यूचं एंडोर्समेंट (रिव्ह्यू पूर्ण झाल्याची सहीनिशी नोंद) मात्र द्यायचं नाही, कुठेही वाईट शेरा मारायची गरज नाही. आधीच्या रिव्ह्यूची मुदत शिल्लक असेल तर ते उडत राहू शकतात, संपली असेल तर पायलट इन कमांड (उड्डाणाची जबाबदारी असलेला पायलट) म्हणून नाही, तुमच्यासोबत ट्रेनिंग मात्र चालेल.

अवघडलेपणाचं म्हणाल तर उडायच्या आधी बसून बोला. एरवी ते कोणतं ग्लायडर उडवतात, गेल्या दोन वर्षांत किती उडले, कशाची धाकधूक वाटते, आणि चार फ्लाइट होतील हेही तेव्हाच सांगून टाका, वर गेल्यावर वाद नको.