तेच ते पुन्हा किती वेळा टाइप करायचं?

प्रश्न: मॅडम, नमस्कार. सिडकोतलं आमचं सार्वजनिक वाचनालय 'ब' वर्गाचं आहे. दाखल नोंदवहीत साडेनऊ हजार पुस्तकं आहेत. चार महिन्यांत त्यांतली जेमतेम सातशे मी कोहात, म्हणजे ग्रंथालयाच्या संगणक प्रणालीत, चढवली. एका पुस्तकाला आठ-नऊ मिनिटं लागतात आणि देवघेव सांभाळून दिवसाला सात-आठच्या वर नोंदी होत नाहीत. माझं टायपिंग चांगलं आहे. मग वेळ जातो कुठे?
— सहायक ग्रंथपाल, नाशिक

उत्तर: ताई, तुमचा वेळ रिकाम्या रकान्यांतून खाली सरकण्यात आणि मागच्या पुस्तकाला लिहिलेलंच पुन्हा लिहिण्यात जातो. गंगापूर रोडवरच्या एका कॉलेजात मी एकवीस वर्षं तालिकीकरण केलं. तिथेही पहिले सहा महिने माझे असेच गेले.

उद्या दहा पुस्तकं आणि एक कोरा कागद घेऊन बसा. मागच्या पुस्तकासारखंच काही टाइप केलं की कागदावर ते लिहा आणि पुढे एक रेघ मारा. भाषा, 'पृ.', 'सें.मी.', आयटमचा (म्हणजे प्रतीचा) प्रकार यांच्यापुढे रेघांची रांग लागेल. ही रांग म्हणजे कोहाला एकदाच सांगून ठेवायच्या गोष्टी.

सांगायची जागा ॲडमिनिस्ट्रेशनमध्ये, मार्क बिब्लिओग्राफिक फ्रेमवर्क, म्हणजे नोंदीत कोणते रकाने दिसावेत हे ठरवणारा साचा. मार्कमध्ये प्रत्येक रकान्याला तीन आकडी क्रमांक असतो. मूळ डिफॉल्ट फ्रेमवर्कला हात लावू नका. 'मराठी पुस्तके' नावाचं नवं करा. कोणत्या फ्रेमवर्कची नक्कल घ्यायची हे कोहा विचारतो, तिथे डिफॉल्ट निवडा. मग एकेका उपरकान्यात जाऊन नको असलेले एडिटरमधून लपवा. सार्वजनिक वाचनालयाला ०२० (आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक), ०४१ (भाषा), ०८२ (वर्गांक), १०० (लेखक), २४५ (शीर्षक), २५० (आवृत्ती), २६० (प्रकाशन), ३०० (पृष्ठं, आकार), ४९० (माला), ६५० (विषय), ७०० (सहलेखक) आणि ९४२ (आयटमचा प्रकार) एवढे डोळ्यांसमोर असले की पुष्कळ झालं. कोहाला जे रकाने अनिवार्य आहेत ते तसेच राहू द्या. आणि रकाने लपवा, काढून टाकू नका. फ्रेमवर्कमध्ये नसलेल्या रकान्यातली माहिती नोंद दुरुस्त करून जतन करताना गळून जाते.

त्याच पानावर डिफॉल्ट व्हॅल्यूची चौकट आहे. ०४१ मध्ये 'एमएआर' ही मराठीची तीन रोमन अक्षरं तिथे घाला. ००८ या सांकेतिक माहितीच्या रकान्यासाठी भाषा आणि देश सिस्टिम प्रेफरन्सेसमध्ये ठरवता येतात. भारताचा संकेत 'आयआय'.

इथे माझी एक चूक सांगते. आमच्याकडे बरीच पुस्तकं पुण्याच्या प्रकाशकांची, म्हणून मी २६० मध्ये प्रकाशनस्थळ 'पुणे' असं भरून ठेवलं. वर्षभरानंतर तपासणी केली, तर मुंबईची, कोल्हापूरची, आपल्या नाशिकचीसुद्धा पुस्तकं पुण्याची झालेली. रिकामा रकाना डोळ्यांना खुपतो, भरलेला खुपत नाही. तेव्हापासून पुस्तकागणिक बदलू शकणारी गोष्ट मी कधी आधी भरून ठेवली नाही. त्या नोंदी दुरुस्त करायला दोन महिने गेले, ते मला अजून सलतात.

सगळ्यांत जास्त वेळ खातात लेखकांची नावं, आणि तिथे घाई करू नका. 'शिरवाडकर, वि. वा.', 'शिरवाडकर, विष्णु वामन', 'वि.वा.शिरवाडकर' असं तीन ठिकाणी लिहिलंत की कोहाच्या लेखी ते तीन लेखक. ऑथॉरिटीत, म्हणजे प्रमाण नावांच्या यादीत, नाव एकदा नीट बनवा, पुढे १०० शेजारच्या खुणेवर टिचकी मारून निवडा. कवितेच्या पुस्तकांवर कुसुमाग्रज, नाटकांवर वि. वा. शिरवाडकर, तर दोन्ही नावांच्या ऑथॉरिटी नोंदी करून त्यांतल्या ५०० या 'हेही पाहा' रकान्यातून एकमेकींशी जोडा. नाशिकच्या वाचनालयात हे नाव तरी चुकता कामा नये. आणखी एक बारकावा: 'कुऱ्हाडे'मधला ऱ्ह दोन तऱ्हांनी टाइप होतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण आत अक्षरं वेगळी असल्याने शोधात एक सापडतं, दुसरं नाही. निवडलेल्या नावात ही भानगड उरत नाही.

झेड ३९.५० वरून, म्हणजे दुसऱ्या ग्रंथालयांच्या सूचींतून, तयार नोंद ओढून घेणं इंग्रजी पुस्तकांना फार उपयोगी. मराठीला बेताचं: जुन्या पुस्तकांवर आयएसबीएन नसतो, आणि बाहेरच्या मोठ्या ग्रंथालयांच्या नोंदींत शीर्षक बहुतेकदा रोमन लिपीत येतं. ते पुसून देवनागरी लिहिण्यापेक्षा हातानं केलेली नोंद लवकर होते.

संगणकासमोर बसण्याआधी पुस्तकं टेबलावर लेखकवार लावा. एकाच लेखकाची पुस्तकं किंवा मालेचे खंड असतील, तर पहिली नोंद पूर्ण करा आणि 'एडिट ॲज न्यू'नं नक्कल काढून शीर्षक, वर्ष, पृष्ठं, आयएसबीएन एवढं बदला. एकाच पुस्तकाच्या पाच प्रतींसाठी आयटमच्या पानावर 'ॲड मल्टिपल कॉपीज' आहे.

ऑटोबारकोड, म्हणजे कोहानं प्रतीला आपोआप बारकोड क्रमांक देणं, मात्र आत्ता चालू करू नका. जुन्या प्रतींचा दाखल क्रमांक वहीत ठरलेला आहे, बारकोड त्याच्याशीच जुळला पाहिजे. वही संपूर्ण चढली, की नव्या खरेदीसाठी सुरू करा.

दहा पुस्तकांचा तो कागद झाला की मला पाठवा. कोणत्या रेघा डिफॉल्टमध्ये घालायच्या आणि कोणत्या हातानंच लिहायच्या, त्यावर मी खुणा करून परत पाठवते.