व्हायरसची वंशावळ: वाचकांचे प्रश्न

व्हायरस सारखा बदलतो म्हणतात, मग कोण कुणापासून आला हे कळतं कसं?

कोरोनाचा जीनोम, म्हणजे त्याची सगळी जनुकीय माहिती, हा साधारण 29,900 अक्षरांचा आरएनए. कॉपी होताना कधीतरी एखादं अक्षर चुकतं आणि ती चूक पुढच्या कॉप्यांमध्येही जाते, जुन्या हस्तलिखित पोथ्यांचंही असंच, दोन पोथ्यांत एकाच ओळीत तीच चूक दिसली की दोन्ही एकाच प्रतीवरून उतरवल्यात असा संशय येतो. हजारो जीनोम असे शेजारी ठेवले की वंशावळीचं झाड तयार होतं, आणि सॅम्पलच्या तारखा असतील तर महिन्याला साधारण दोन बदल हा वेग धरून फांदी कधी फुटली त्याचा अंदाज लागतो. तारीख आणि जिल्हा नसलेला जीनोम मात्र अर्धाच कामाचा, हे मी प्रत्येक वेळी सांगतो.

2021 ला 'डबल म्युटंट' आमच्या अमरावतीत जन्मला असं सगळे म्हणायचे. खरंय का?

सापडला कुठे आणि जन्मला कुठे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्याला 'डबल म्युटंट' म्हणायचे तो बी.1.617 हा वंश, म्हणजे झाडावरची एक फांदी, भारतातल्या ऑक्टोबर 2020 च्या सॅम्पलमध्ये दिसतो. फेब्रुवारी 2021 मध्ये अमरावतीत केसेस वाढल्या, लॉकडाऊन लागला, मग 24 मार्चला केंद्राने सांगितलं की महाराष्ट्रातल्या 15 ते 20 टक्के सॅम्पल्समध्ये ई484क्यू आणि एल452आर हे दोन बदल आहेत (ही नावं व्हायरसच्या प्रोटीनमधल्या ठरावीक जागच्या बदलांची), म्हणून 'डबल'. पण जिथून सॅम्पल गेलंच नाही तिथली फांदी झाडावर दिसणारच कशी? त्यामुळे अमरावतीवर जन्माचा शिक्का मारणं चूकच. आणि गंमत नाही, महत्त्वाचं आहे हे: देशभर आणि मग जगभर पसरलेला डेल्टा म्हणजे बी.1.617.2, त्यात ई484क्यू नव्हताच, तो 'कप्पा' नावाच्या भावंड-वंशात, म्हणजे बी.1.617.1 मध्ये होता. डेल्टात एल452आर, टी478के आणि पी681आर होते. यातला एल452आर तर इतर वंशांतही स्वतंत्रपणे आलेला आहे, म्हणून दोन म्युटेशन (बदल) बघून नातं ठरवत नाहीत, अख्खा जीनोम बघतात. गावांची, देशांची बदनामी टाळायलाच डब्ल्यूएचओने 31 मे 2021 ला ग्रीक अक्षरांची नावं दिली, ते फार बरं झालं.

घरात पाचजण पॉझिटिव्ह झालो. कुणी कुणाला दिला ते कळेल?

बहुतेक नाही. महिन्याला दोनच बदल आणि संसर्ग पुढे जातो काही दिवसांत, म्हणजे पाचही जीनोम सारखेच निघू शकतात. एकाचा डेल्टा आणि दुसऱ्याचा ओमिक्रॉन निघाला तर एकाने दुसऱ्याला दिला नाही एवढं नक्की सांगता येतं.

आमच्या रिपोर्टवर व्हेरियंट का लिहीत नाहीत?

आरटी-पीसीआर जीनोमचे दोन-तीन तुकडेच शोधते. सिक्वेन्सिंगला, म्हणजे जीनोमची सगळी अक्षरं वाचायला, सॅम्पलमध्ये व्हायरस भरपूर लागतो, म्हणजे सीटी व्हॅल्यू (व्हायरस दिसायला टेस्टमध्ये किती फेऱ्या लागल्या तो आकडा) कमी हवी, आणि ते पाळत ठेवण्यासाठी असतं, एकेका पेशंटसाठी नाही.

आता टेस्ट कुणी करत नाही, मग पाळत कशी ठेवणार?

सांडपाण्यातून. पुण्यातही हे काम झालंय. त्यात अनेकांचे व्हायरस मिसळलेले आणि तुटलेले असतात, त्यामुळे झाडावर नेमकी जागा देणं अवघड, पण कुठल्या वंशाचं प्रमाण वाढतंय ते दिसतं आणि त्यासाठी कुणी टेस्ट करायला यायची गरज नसते. माझं म्हणणं इतकंच की हे फक्त मोठ्या शहरांत नको, अमरावती, जळगाव, रत्नागिरीलाही हवं, आणि लाट नसतानाही चालू हवं, कारण वाढ ओळखायला आधीचे आकडे लागतात.