गंबोसाठी रू करताना तेलाऐवजी लार्ड, बेकनची किंवा बदकाची चरबी चालते का? प्रमाण आणि आच बदलावी लागते का?

चालते. गंबो म्हणजे अमेरिकेतल्या लुइझियानाचा दाट रस्सा, रू म्हणजे तो दाट करायला चरबीत भाजलेला मैदा आणि लार्ड म्हणजे वितळवून गाळलेली डुकराची चरबी. तिथल्या केजन (फ्रेंच वंशाच्या) घरांत डुक्कर कापल्यावर निघणाऱ्या लार्डमध्येच पूर्वी रू होत असे, बाटलीतलं तेल नंतर आलं. पण कोणती चरबी घ्यायची याआधी रू किती गडद करायचाय ते ठरवा. आच आणि चरबी दोन्ही त्यावरच ठरतात.

मैदा चॉकलेटी रंगापर्यंत भाजला की त्याचा खरपूस, किंचित कडसर वास एवढा वर येतो की लार्ड आणि साधं तेल यांतला फरक खाणाऱ्याला क्वचितच कळतो. बदकाची महागडी चरबी त्यात घालणं म्हणजे पैसे वाया. चरबीची चव लागायला हवी असेल तर रू पीनट बटरच्या, फार तर जुन्या तांब्याच्या नाण्याच्या रंगावर थांबवा. गडदच हवा असेल तर तो तेलात करा आणि बेकनच्या किंवा बदकाच्या चरबीत सॉसेज आणि थोडा कांदा वेगळा परतून रश्शात घाला. तिथे ती चव टिकते.

आता आच. लुइझियानाचे शेफ पॉल प्रूडोम यांच्यामुळे एक झटपट पद्धत लोकप्रिय झाली: तेल धूर येईपर्यंत तापवायचं, त्यात मैदा फेटायचा, काही मिनिटांत गडद रू तयार. ही पद्धत प्राण्यांच्या चरबीला लावू नका. रिफाइंड शेंगदाणा तेल साधारण 230 अंश सेल्सिअसपर्यंत धुरावत नाही. लार्ड आणि बदकाची चरबी 190च्या आसपासच धुरावायला लागतात. तेही ताज्या, नीट गाळलेल्या चरबीचे आकडे. एकदा तळण झालेली चरबी त्याआधीच धूर सोडते आणि तो जळका वास शेवटपर्यंत जात नाही. म्हणून मध्यम-मंद आचेवर 160 ते 175 अंशांत राहा आणि गडद रंगासाठी 40-50 मिनिटं धरून चाला. ओव्हन असेल तर काम सोपं: बिडाच्या जाड भांड्यात चरबी-मैदा एकजीव करून, झाकण न ठेवता 175 अंशांवर सुमारे दीड तास, दर वीस मिनिटांनी तळापासून ढवळत. एवढ्या तापमानाला ताजी चरबी धुरावत नाही. लार्डचा रू मी तरी गॅसवर करायला सुचवणार नाही.

प्रमाण वजनाने घ्या: अडीच लिटर स्टॉकला (हाडं-भाज्या उकळून काढलेल्या पाण्याला) 150 ग्रॅम मैदा, 150 ग्रॅम चरबी. घट्ट लार्ड कपात दाबून भरलं की मध्ये पोकळी राहते आणि माप चुकतं. कपानेच मोजायचं तर आधी वितळवा. रू फार घट्ट झाला तर तळाला धरतो, तेव्हा आणखी 20-30 ग्रॅम चरबी खुशाल घाला. रू जितका गडद तितका तो रस्सा कमी दाट करतो, कारण भाजताना पिठातला स्टार्च तुटतो. मैदा कमी पडला असं समजू नका.

बेकनची चरबी वितळवून मलमलच्या फडक्यातून गाळा. तळाचा गाळ आणि बेकन मुरवताना वापरलेली साखर मैद्याच्या आधी करपतात. ही चरबी खारटही असते, म्हणून सॉसेज रश्शात शिजल्यावरच मीठ बघा. कोळंबी-खेकड्याच्या गंबोला मात्र ती नको, त्यांची चव दबते. लोण्यात पाणी असतं आणि त्याची बेरी लवकर जळते. सोबत तेल घातलं तरी बेरी जळायची थांबत नाही. त्याऐवजी साजूक तूप घ्या, ते गडद रूलाही टिकतं. बीफ किंवा मटणाची चरबी आच सोसते, पण गंबो जरा निवला की टाळूला मेणासारखी चिकटते.

भारतात लार्ड सहज मिळत नाही. चिकन सेंटरवरून कातडी आणि पिवळी चरबी मागून घ्या. अर्धा किलोला अर्धी वाटी पाणी घालून मंद आचेवर तासभर ठेवा. तडतड थांबली म्हणजे पाणी उडालं, मग गाळा. पाणी राहिलं तर मैदा घालताच गुठळ्या होतात.

रूमध्ये काळे ठिपके दिसले की तो टाकून द्या, स्टॉक घालून सुधारणार नाही. हवा त्या रंगाच्या थोडं अलीकडेच चिरलेला कांदा, सेलरी, ढोबळी मिरची घाला, कारण बिडाचं भांडं गॅस बंद केल्यावरही भाजत राहतं. भाज्या पडताच गरम वाफ उसळते, हात लांब ठेवा.

स्टॉक घातल्यावर रू फुटल्यासारखा दिसला तर फेटत एक सणसणीत उकळी आणा, मग तासभर मंद शिजवा. शिजताना वर येणारा तवंग पळीने काढत राहा. सॉसेज आणि कातडीसकटचं चिकनही चरबी सोडतात. गंबो आदल्या दिवशी केला आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवला तर लार्डचा थर गोठतो, चमच्याने सरळ उचलता येतो. बदकाची चरबी थंडीतही मऊच राहते, ती गरम असतानाच काढा.